विज्ञानकथेत विज्ञान किती घालायचं, पावसाच्या मशीनवरून बघू

मराठवाड्यातलं कुणी सायन्स फिक्शन लिहायला बसलं की पहिली गोष्ट पावसाच्या मशीनची लिहितं. माझ्याकडं ज्यांनी ज्यांनी पहिली कथा वाचायला दिली त्यातल्या बऱ्याच जणांची तीच होती आणि माझीही पहिली तीच होती. त्यात नवल नाही, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर, पुढं पन्नास वॅगनची गाडी आणि पंचवीस लाख लिटर, हे ज्यांनी शाळेत असताना बघितलं त्यांच्या डोक्यात दुसरं काय येणार. आणि कथा हातात देताना सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, दादा ह्यात सायन्स किती घालू, जास्त घातलं तर लोक सोडून देतात आणि कमी घातलं तर जादूची गोष्ट वाटायलीय.

माझं उत्तर असं आहे की विज्ञान तिथं घालायचं जिथं ते पात्राला अडवतं. जिथं ते अडवत नाही, नुसतं शोभेला उभं आहे, तिथून काढून टाकायचं, मग ते कितीही खरं असू द्या. हे ऐकायला सोपं वाटतं पण करायचं कसं ते कुणी सांगत नाही म्हणून आज तेच मशीन घेऊन पूर्ण करून दाखवतो.

आधी वही घ्या

समजा कथेतल्या गावाचं शिवार हजार एकर आहे. मशीन सुरू झालं आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला. किती पाणी झालं? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, आणि एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, म्हणून एकराला मिलिमीटरमागं चार हजार लिटर धरा. हजार एकर, २५ मिलिमीटर, झाले १० कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर दहा हजार टँकर. हा आकडा एकदा डोळ्यासमोर आला की 'बटण दाबलं आणि धो धो पाऊस आला' हे वाक्य लिहिताना हात थांबतो, आणि थांबायलाच पाहिजे.

मग पहिला प्रश्न, एवढं पाणी आलं कुठून. खरोखरचे कृत्रिम पावसाचे प्रयोग आपल्याकडं २०१५ ला झाले, परत २०१९ ला झाले, औरंगाबादहून म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून विमानं उडाली. त्यात ढगात सिल्व्हर आयोडाइडचे बारीक कण सोडतात. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असते, आणि उंच ढगात शून्याच्या खाली गार होऊनसुद्धा न गोठलेलं पाणी असतं, ते ह्या कणांवर गोठतं, कण वाढून जड होतात, खाली येता येता वितळतात आणि थेंब होतात. म्हणजे हे सगळं व्हायला आधी ढग पाहिजे, तोही पाण्यानं भरलेला. कोऱ्या आभाळाला विमान काही करू शकत नाही. ज्यांनी ते दोन्ही उन्हाळे पावसाळे आभाळाकडं बघून काढलेत त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

तुमचं मशीन कोऱ्या हवेतलं बाष्प ओढून पाऊस पाडतं असं तुम्ही म्हणणार. ठीक आहे, म्हणा, ती मुभा तुम्हाला आहे, तिच्याबद्दल पुढं सांगतो. पण बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. कुकरच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त बसतो तो ह्याच्यामुळंच, वाफ हाताला लागून पाणी होते आणि होताना आतली उष्णता सोडते. एक लिटर पाणी बनताना साधारण ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता सुटते. १० कोटी लिटरला किती, तर ६ कोटी ८० लाख युनिट. परळीच्या थर्मलमधला २५० मेगावॅटचा एक संच रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं चालला तर दिवसाला ६० लाख युनिट वीज होते. म्हणजे अकरा दिवसांची वीज जेवढी, तेवढी उष्णता तुमच्या हजार एकरावरच्या हवेत एका दुपारी सुटणार.

इथं बरेच जण घाबरतात आणि म्हणतात की मग माझी कथा मेली. मला तर उलट इथंच कथा सापडते. खऱ्या पावसाळी ढगात पण हीच उष्णता सुटते, तिच्यानंच हवा वर उसळते आणि ढगाचा मनोरा होतो. मग तुमच्या गावावर पण हवा तापून वर जाणार आणि तिची जागा भरायला चारी बाजूंनी वारं आत येणार, ते वारं शेजारच्या गावांवरून येणार, येताना त्यांच्या हवेतलं बाष्प घेऊन येणार. आता मला सांगा, शेजारच्या गावचा सरपंच गप्प बसेल का?

आपण पिढ्यानपिढ्या कशावर भांडायलोय, वरच्या धरणातून जायकवाडीला पाणी सोडायचं का नाही सोडायचं ह्यावरच ना. नाशिक-नगरकडचे म्हणतात आमच्याकडंच पुरत नाही, आपण म्हणतो गोदावरी तुमच्या एकट्याची नाही. आता तेच भांडण आभाळात न्या. 'आमच्या वाटणीचं बाष्प' असा शब्द एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडात टाका. पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा आहे, हवेतल्या पाण्याचं वाटप कुणी करायचं? बघा, मशीनवाला हिरो ज्याला सगळं गाव डोक्यावर घेणार होतं त्याच्यासमोर आता खरी अडचण उभी राहिली, आणि ही अडचण मी कुठून आणली, तर उष्णतेच्या एका आकड्यातून. विज्ञान पात्राला अडवतं म्हणलं ते हे.

उधारी एकदाच मिळते

वाचक हा किराणा दुकानदारासारखा असतो असं मी मानतो. ओळखीच्या माणसाला तो एकदा उधारी देतो, मनापासून देतो, पण पहिली फेडल्याशिवाय दुसरी मागितली तर वही बंद करतो. विज्ञानकथेत अशक्य वाटणारी एक गोष्ट तुम्ही उधारीवर घेऊ शकता. 'हे मशीन कोऱ्या हवेतून पाणी ओढतं', झाली उधारी. वाचक म्हणतो, बरं, पुढं बोल. आता ह्यानंतर तुम्ही म्हणलात की मशीनला वीज लागतच नाही, आणि ती उष्णता पण कुठंतरी जाते, आणि हे सगळं हिरोनं एका रात्रीत घरच्या भंगारातून बनवलं, तर ह्या तीन नव्या उधाऱ्या झाल्या आणि दुकानदार उठून उभा राहिला.

ती एक उधारी मात्र लवकर मागायची. पहिल्या पानावर नाहीतर दुसऱ्या. शेवटच्या पानावर नवीन काहीतरी अशक्य काढून गुंता सोडवायचा म्हणजे गिऱ्हाईकानं दुकान बंद होताना येऊन पोतंभर साखर मागण्यासारखं आहे. आणि उधारी फेडायची म्हणजे काय, तर त्या एका अशक्य गोष्टीचे जेवढे परिणाम होणार असतील ते सगळे प्रामाणिकपणे कथेत होऊ द्यायचे, हिरोला नको असलेले तर आधी होऊ द्यायचे.

अंतराळाच्या कथांना पण हेच लागू आहे. आपल्या जवळचा तारा, सूर्य सोडून, सव्वाचार प्रकाशवर्षं लांब आहे. १९७७ ला सोडलेलं व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किलोमीटरनं चाललंय, त्या वेगानं तिथं जायला सत्तर हजारांच्या वर वर्षं लागतील. तुम्हाला तुमची माणसं तिथं न्यायची असतील तर वेगवान यान ही तुमची उधारी, मग परग्रहावरचे लोक आपल्यासारखेच दोन पायांचे आणि मराठी समजणारे नकोत, ती दुसरी झाली. मंगळावर जाणार असाल तर उधारीची गरजच नाही पण तिथून घरी फोन लागत नाही हे लक्षात ठेवा, आवाज जायला मंगळ कुठं आहे त्यावर ३ मिनिटं ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला परत तेवढीच. एका मुलीनं मला कथा दाखवली होती, त्यात मंगळावरचा मुलगा जिंतूरला आईशी व्हिडिओ कॉलवर बोलतोय. मी तिला फक्त हा आकडा सांगितला. तिनं परत लिहिली त्यात आई सकाळी एक लांब व्हॉइस नोट पाठवते आणि मग उत्तर यायच्या आत भाकरी थापून होतात, तेवढ्या वेळात तिच्या मनात जे जे येतं ती कथा. मला ती वाचून बोलता आलं नाही.

पानावर किती दिसू द्यायचं

मी दहा पानं हिशोब करतो आणि कथेत त्यातली एखाद दुसरी ओळ जाते. हे प्रमाण ऐकून लोक म्हणतात मग दहा पानं वाया गेली की. नाही जात, कारण बाकीचा हिशोब पात्रं काय करतात ह्याच्यात मुरलेला असतो. सगळ्यात वाईट सवय कोणती तर एक शास्त्रज्ञ दुसऱ्या शास्त्रज्ञाला दोघांनाही माहीत असलेली गोष्ट समजावून सांगतो, 'तुला माहीतच आहे की बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते'. माहीत आहे तर सांगायलास कशाला? आपल्या घरात आई बापाला सांगते का, तुम्हाला माहीतच आहे की विहिरीत पाणी असतं म्हणून?

त्याच्या ऐवजी असं करून बघा. मशीन सुरू होऊन वीस मिनिटं झाली तशी बांधावरच्या लिंबाची पानं उलटी व्हायला लागली, आधी वाटलं पावसाचंच वारं आहे, अण्णांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला आणि म्हणले, वारं गरम यायलंय रे, पावसाच्या आधी गार येत असतंय. बास. उष्णता हा शब्द नाही, आकडा नाही, पण शेतात आयुष्य घालवलेल्या माणसाला काहीतरी चुकलंय हे कळलं आणि वाचकाच्या पण पोटात खड्डा पडला. ज्याला विज्ञान येतं त्याला त्यामागचा हिशोब दिसेल, ज्याला येत नाही त्याला वारं दिसेल, दोघंही पुढं वाचतील.

जवळच्या गोष्टीत चुकायचं नाही

हे मी स्वतः शिकलो ते सांगतो. माझ्या एका कथेत एक पोरगा भर दुपारी मोबाईलवरून बोअरची साडेसात एचपीची मोटर चालू करतो आणि नेमकं त्या वेळी पाण्यातून काहीतरी विचित्र वर येतं, अशी सुरुवात होती. त्या विचित्र गोष्टीवर मी महिनाभर अभ्यास केला होता. मामाला वाचायला दिली, मामानं पहिल्याच पानावर कागद खाली ठेवला आणि विचारलं, "ह्यो दुपारी मोटर कशी चालू करायलाय रे? ह्या आठवड्यात थ्री फेज रातीची हाय नव्हं?" शेतीची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री असते हे मला माहीत होतं, माझ्याच घरात लोक रात्री बाराला पाणी द्यायला जायचे, पण कथेत घ्यायचं सुचलं नाही. मामा पुढं वाचलेच नाहीत. ज्या माणसाला मोटर कधी चालते हे माहीत नाही त्यानं पाताळातलं सांगितलेलं का ऐकायचं, असं त्यांना वाटलं आणि ते बरोबर होतं.

मग मी कथा रात्री नेली. रात्री एकला, बॅटरी घेऊन, सापाची भीती मनात धरून एकटा पोरगा बोअरजवळ उभा आहे. कथा दुप्पट चांगली झाली आणि त्याला मामांच्या एका वाक्याशिवाय काही लागलं नाही.

म्हणून मी सांगतो की कृष्णविवरात चूक झाली तर दहातले नऊ जण माफ करतील पण बोअर, स्टार्टर, डीपी, सोयाबीनचं पीक किती दिवसाचं, एसटी कुठं थांबते ह्यात चूक झाली तर एकही माफ करणार नाही. जमिनीखालचं पाणी हा विषय घेणार असाल तर आधी बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. काळा पाषाण लागला की धूळ कशी येते, पाण्याची झिर लागली की ती कशी बदलते, हे तो जसं सांगेल तसं कुठल्याच पुस्तकात नाही. तळहातावर नारळ घेऊन फिरणारा पाणाड्या तुमच्या कथेत जरूर येऊ द्या, पण त्याच्या शेजारी जमिनीत लोखंडी सळया ठोकून वीज सोडून मोजणारा भूजलवाला पण येऊ द्या. कोरड्या अखंड खडकातून वीज नीट जात नाही, ओल्या फुटलेल्या खडकातून बरी जाते, त्यावरून तो अंदाज बांधतो. दोघांनी दोन वेगळ्या जागा दाखवल्या आणि शेतकऱ्याकडं पैसे एकाच बोअरचे आहेत. मला तर एवढ्यावरच अख्खी कथा दिसते.

किल्लारीबद्दल लिहिणार असाल तर

इथं मी जरा कडक बोलतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. ६.२ तीव्रतेचा भूकंप, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात त्या पहाटेची आठवण अजून आहे.

ह्यावर लिहिलेल्या कथांत मला एक पात्र सारखं भेटतं, एक शास्त्रज्ञ ज्याला तारीख-वेळ आधीच कळली होती आणि त्याचं कुणी ऐकलं नाही. हे लिहू नका. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं आजही कुणाला जमत नाही. तुम्ही ते जमतं असं दाखवता तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात येतं की म्हणजे आमची माणसं वाचली असती, कुणीतरी दडवून ठेवलं. इथं विज्ञानातली चूक कागदावर राहत नाही, ती जाऊन कुणाच्या तरी जखमेवर बसते. १९९२ पासून त्या भागात छोटे धक्के बसत होते, जमिनीतून आवाज यायचे, हे खरं आहे, पण छोटे धक्के आले म्हणजे मोठा येतोच असं नसतं, बऱ्याच ठिकाणी ते येतात आणि थांबून जातात. गावानं काय करायचं होतं, किती महिने घराबाहेर झोपायचं होतं? हा प्रश्न लिहा. तो खरा आहे आणि खूप अवघड आहे.

आणि तरी भविष्यातली कथा लिहायची असेल तर विज्ञानानं एक छोटीशी फट ठेवलीय. भूकंपाच्या दोन लाटा असतात, पहिली सेकंदाला साधारण ६ किलोमीटर पळते आणि फारसं नुकसान करत नाही, दुसरी साधारण साडेतीननं येते आणि तीच पाडते. पहिली टिपून दुसरीच्या आधी भोंगा वाजवता येतो. आता हिशोब करा. केंद्राच्या अगदी वर, दहा किलोमीटर अंतर धरलं, तर दोघींत फरक जेमतेम सव्वा सेकंदाचा, यंत्राला कळून संदेश जायलाच तेवढा वेळ लागतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर लातुरात पाच-सहा सेकंद मिळतात. म्हणजे ज्या गावाला गरज सगळ्यात जास्त त्याच्या हातात शून्य सेकंद आणि लांबच्याला पाच. पाच सेकंदात झोपेतून उठलेली बाई दोन लेकरांतलं जवळचं लेकरू उचलेल का लांबचं? मी हे लिहायचा प्रयत्न केलाय आणि मला अजून जमलेलं नाही. तुम्हाला जमलं तर लिहा, पण पाचाचे पन्नास सेकंद करू नका.

आणखी एक जागा आपल्या अगदी दारात आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वलहरी (खुद्द अवकाशातच उठणारे बारीक तरंग) टिपणारी वेधशाळा व्हायची आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन हात काटकोनात, त्यात लेसर, आणि लांबीतला प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही छोटा फरक मोजायचा. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा गुरुत्वलहरी टिपल्या, एक अब्जाहून जास्त प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याच्या. लोक ह्यावर कथा लिहितात तेव्हा लगेच परग्रहवाल्यांचा मेसेज येतो. यायला हरकत नाही, तुमची उधारी तीच असेल तर. पण जी यंत्रणा जमिनीचं बारीकसं थरथरणं पण चुकवू पाहते तिच्यापासून काही अंतरावर महाशिवरात्रीला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला माणसं लोटतात. एका बाजूला शांतता पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला जत्रा, आणि दोन्हीकडं श्रद्धेनं काम करणारी माणसं. मला परग्रहवाले आणायची गरज वाटत नाही.

तपासायचं कसं हे पण विचारतात. आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं बाजूला ठेवा, निम्मं काम तिथंच होतं. मराठी विश्वकोश बघा. एकक नीट लिहा आणि शून्यं दोनदा मोजा, लाख आणि कोटीत गल्लत झाली की सगळी कथा वाहून जाते. मग कथा दोन माणसांना द्या, एक ज्याला विज्ञान येतं आणि एक ज्याला तुमचं गाव येतं, दोघांचं ऐका, पण कुठं वाचायचं थांबवलं एवढंच विचारा, काय बदलू हे विचारू नका. जयंत नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या नावानं, म्हणजे परीक्षकांसमोर खगोलशास्त्रज्ञाचं नाव नव्हतं, फक्त कथा होती, आणि बक्षीस मिळालं ते कथेला. तुमच्या कथेवरून पण तुमची डिग्री झाकून बघा आणि मग कुणाला तरी वाचायला द्या.

हिशोबाची वही मात्र फेकायची नाही. पावसाच्या मशीनसाठी मी जायकवाडीचा पण हिशोब केला होता जो त्या कथेत लागला नाही. नाथसागर पूर्ण भरला की पाण्याचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर होतो. त्यावरून एक मिलिमीटर पाणी उन्हानं उडालं, फक्त एक, तर ते ३५ कोटी लिटर होतं. पन्नास वॅगनची ती लातूरची गाडी आठवा, पंचवीस लाख लिटरची. एका मिलिमीटरात तशा १४० गाड्या आभाळात जातात. तीन वर्षं झाली हा आकडा माझ्या वहीत पडून आहे आणि मला त्याची कथा सुचत नाही, ज्याला सुचेल त्यानं खुशाल घ्यावा.